पिंगची हजेरी

परवा नातवाने सिस्को राउटरच्या कमांड लाइनवर 'पिंग' करून दाखवलं. पाच हाका जातात. उत्तर आलं की उद्गारचिन्ह, दोन सेकंदांत नाही आलं तर टिंब. माइक म्यूस यांनी १९८३ साली लिहिलेल्या प्रोग्रॅमचं हे नाव सोनार यंत्राच्या आवाजावरून आलं (आपला दागिनेवाला नव्हे!).

पहिलंच टिंब पडलं. मी म्हणालो, "गेली लाइन!" तो हसला. राउटर आधी पुढच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधतो, तेवढ्यात पहिली हाक बहुधा वाया जाते. मग चार उद्गारचिन्हं आली.

माझं मत विचाराल तर पाचही टिंबं पडली तरी यंत्र बंद आहे असं लगेच म्हणू नये. उत्तराला परतीचा रस्ता नसेल, किंवा फायरवॉलने हाक अडवली असेल. हजेरी घेताना गप्प राहिलेल्या किती पोरांची मी गैरहजेरी मांडली, देव जाणे.