हाफला त्याचं माप द्या

आजऱ्याच्या फुटबॉलवेड्याचे कान दोन दिशांना असतात. एकीकडे गडहिंग्लज आणि कोल्हापूरच्या पेठा-तालमी, दुसरीकडे आंबोली उतरलं की गोवा. पण कुठल्याही कट्ट्यावर निघतात ती नावं गोल मारणाऱ्यांची. भुतिया, छेत्री सगळ्यांना पाठ. क्लायमॅक्स लॉरेन्स म्हटलं, की आजची पोरं एकमेकांकडे बघतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1979 सालचा जन्म, गोव्याचा हाफ, बचावाच्या पुढ्यात उभा राहणारा. 2005 ते 2012 या काळात त्याच्या डेम्पो क्लबने पाच वेळा देशाचं विजेतेपद पटकावलं. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक होते, रँटी मार्टिन्स गोलांचा पाऊस पाडत होता. त्यातली बरीच वर्षं मधली फळी क्लायमॅक्सने सांभाळली.

असा हाफ काय करतो, ते एकदा नुसतं त्याच्याकडेच बघून समजून घ्या. चेंडू पायात येण्याआधी तो मान वळवून मागे बघून घेतो. आपला बॅक वर गेला, की त्याची रिकामी जागा हा भरतो. हेडरवरून सुटलेला चेंडू पहिला याच्याच पायात, आणि तिथून दोन हातांवरचा साधा पास. टाळ्या नाहीत, पण सामना हातात राहतो.

30 जुलै 2008, हैदराबाद, एएफसी चॅलेंज कपमधला भारताचा पहिला सामना. अफगाणिस्तानची कोंडी फुटेना. अखेर भरपाईच्या वेळेत गोल मारला तो क्लायमॅक्सनेच. पुढे दिल्लीतल्या अंतिम सामन्यात छेत्रीची हॅटट्रिक झाली, ताजिकिस्तान 4-1 हरला आणि भारत 27 वर्षांनी, 2011 च्या आशियाई चषकाला पोहोचला. लक्षात राहिली ती हॅटट्रिक.

आपल्याकडे शाळेच्या संघात दांडगा पोरगा पुढे, चपळ पोरगा विंगला आणि उरलेला मध्ये, अशी वाटणी चालते. माझ्या मते हे साफ चुकतं. ज्याची नजर सगळ्यात तल्लख, तो मध्ये हवा. आजरा-गडहिंग्लजच्या क्रीडाशिक्षकांना आणि मंडळांना माझी विनंती आहे : दिवाळीच्या स्पर्धांआधी गोव्यातला एखादा निवृत्त हाफ आठवडाभर बोलवा आणि पोरांना त्याच्या हाताखाली द्या.