थंडीचा भत्ता: मोजायची ती कुठली थंडी?

थंडीने माणसं दगावतात म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बर्फच येतो ना? तिथेच आपली गफलत होते, आणि ब्रिटिश सरकारचीही झाली.

ब्रिटनमध्ये ज्येष्ठांना हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी 1997 पासून सरकारी रक्कम मिळू लागली. साधारण 200 पौंड, वय 80 च्या पुढे असेल तर 300. निवृत्तीनंतर युरोपातल्या दुसऱ्या देशात स्थायिक झालेल्या अनेकांनाही ती मिळे. मग ओरड सुरू झाली: स्पेनच्या उन्हात बसणाऱ्यांना शेकोटीचे पैसे कशाला? शेवटी 2015 च्या हिवाळ्यापासून नियम आला. ज्या देशाचं हिवाळ्यातलं सरासरी तापमान इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागापेक्षा, म्हणजे 5.6 अंशांपेक्षा जास्त, तिथल्या पेन्शनरांची रक्कम बंद. स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, सायप्रस, माल्टा गेले. फ्रान्सही गेला, कारण त्याच्या सरासरीत हिंदी महासागरातलं रेयुनियन आणि कॅरिबियनमधली बेटंही धरली! आल्प्सच्या कुशीत राहणाऱ्या आजींना काही नाही. इटली मात्र यादीत राहिल्यामुळे सिसिलीतल्या आजोबांना रक्कम तेव्हा चालू राहिली.

पैसे वाचवायचे तर उत्पन्न बघा, त्याला माझी हरकत नाही. सधन माणसाला भत्ता कशाला हवा? पण देशाच्या सरासरी तापमानावरून म्हाताऱ्या माणसाचा धोका ठरवणं वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे.

शरीराला सरासरी कळत नाही, खोली कळते. गारठ्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त थोडं दाट होतं, गुठळी होण्याची शक्यता वाढते. म्हणून थंडीत हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढतात. दमेकऱ्यांच्या श्वासनळ्या आवळतात. त्यात उतारवयात कुडकुडणं कमी होतं आणि गारठा जाणवतोही कमी; "मला नाही बुवा थंडी वाजत" म्हणणाऱ्या आजोबांचे हातपाय बर्फासारखे असतात. युरोपातल्या अभ्यासांत हिवाळ्यातल्या जादा मृत्यूंचं प्रमाण फिनलंडपेक्षा पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये जास्त आढळलं आहे. फिनलंडची घरं थंडी गृहीत धरूनच बांधलेली असतात. दक्षिणेकडे फरशा गार, भिंतींतून ऊब निसटते आणि हीटर लावायचा तर बिलाची धास्ती.

हे वर्णन ओळखीचं वाटलं? निफाडचा किंवा महाबळेश्वरचा जानेवारी आठवा. आपली घरंही उन्हाळ्यासाठीच बांधलेली. (इंग्लंडात नोकरी करून पुण्यात परतलेल्यांना हा भत्ता कधी लागूच नव्हता, कारण परदेशातली सवलत युरोपपुरतीच होती.)

जागतिक आरोग्य संघटनेने थंड ऋतूत घरात किमान 18 अंशांची शिफारस केली आहे. वृद्धांना त्याहून थोडी जास्त ऊब लागू शकते. घरातल्या ज्येष्ठांच्या खोलीत एक साधा तापमापक टांगा. पहाटे किती दिसतं ते पाहा. कानटोपी, पायमोजे रात्रीही घालू द्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डिसेंबर-जानेवारीत दाब जास्त वेळा तपासा, पण डोस स्वतः बदलू नका. आणि दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपू नका: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.