बाजार जात मोडतो म्हणे!

जातीवर औषध म्हणून आता अमेरिकेतून आपल्याला बाजार सांगितला जातो. वॉशिंग्टनची केटो इन्स्टिट्यूट ही ना-नफा संस्था १९७७ साली उद्योगपती चार्ल्स कोच यांच्या पैशावर उभी राहिली. २०१५ मध्ये तिने स्वामिनाथन अय्यर यांचा निबंध छापला. सार एवढेच, की उदारीकरणाने दलित कोट्यधीश घडवले, भांडवलशाही जात मोडते आहे. दाखल्याला आपल्या पुण्यात २००५ साली स्थापन झालेली डिक्की.

त्या उद्योजकांच्या कष्टाचा आम्हाला आदरच आहे. पण मांडवगण फराट्याच्या भीमाकाठी या. जमीन कोणाची, पाणी कोणाचे, उसाच्या फडात कोयता कोणाच्या हाती? बाजार इथे काल आलेला नाही, ऊस कित्येक वर्षे विकला जातोय. सातबाऱ्यावरची नावे किती बदलली?

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती, विमा आणि मूलभूत उद्योग शासनाच्या मालकीचे मागितले. शासन बाजूला झाले की खासगी मालकाची हुकूमशाही येते, हेही तिथेच बजावले. जयंतीला हार घालून हे पुस्तक मिटून ठेवणारे आपल्यातही आहेत!

आणि गंमत बघा. सरकारने हात आखडावा म्हणणाऱ्या या संस्थेला देणगी देणाऱ्या धनिकाला अमेरिकेचे सरकारच करसवलत देते. ती सवलत चालते, मग आमच्या पोरांची शिष्यवृत्तीच तेवढी खैरात कशी? खासगी नोकऱ्यांतल्या आरक्षणाची मागणी घेऊन रांजणगाव एमआयडीसीच्या गेटवर चला. बाजाराला जात दिसते की नाही, ते तिथेच विचारू.