टी-पेशींचे मोजमाप आणि मराठीतील एक शब्द

लसीमुळे ‘रोगप्रतिकारशक्ती निर्माण झाली’ हे मराठी वाक्य निरुपद्रवी भासते. परंतु नेमके काय मोजले गेले, याचा त्यातून बोध होत नाही. टी-पेशींचा प्रतिसाद मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येक पद्धत पेशींना निराळा प्रश्न विचारते.

एलिस्पॉट ही पद्धत १९८३ साली प्रतिपिंडे स्रवणाऱ्या पेशींसाठी वर्णिली गेली. पुढे ती टी-पेशींसाठी वापरात आली. लसीतील प्रथिनांचे तुकडे दाखविल्यावर जी पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवते, तिच्या जागी ठिपका उमटतो. ठिपके मोजता येतात, पण ते कोणत्या प्रकारच्या टी-पेशींचे, हे एरवी कळत नाही. फ्लो सायटोमेट्रीत पेशीच्या आतील द्रव्यांना रंगखुणा लावून तिचा प्रकार आणि तिची अनेक कार्ये एकत्र पाहता येतात. मात्र उपकरण महाग, आणि निष्कर्ष काढणारी नजर सरावलेली हवी. १९९६ साली पुढे आलेली टेट्रामर पद्धत विशिष्ट प्रथिनखंड ओळखणाऱ्या पेशी हुडकते. त्या कार्यक्षम आहेत की नाहीत, हे ती एकटी सांगू शकत नाही.

तेव्हा एकाच रक्तनमुन्यातून तीन भिन्न आकडे निघाले, तरी तिन्ही खरे असू शकतात. त्यांतील एकाचे दुसऱ्यात सरळ भाषांतर होत नाही.

याहून गंभीर बाब पुढेच आहे. तामिळनाडूतील चेंगलपट्टू येथे १९६८ साली सुरू झालेल्या बीसीजी चाचणीत लस घेतलेल्यांच्या त्वचेवर ट्यूबरक्युलिनची प्रतिक्रिया चांगली उमटली. ही प्रतिक्रियाही टी-पेशींचीच. तथापि प्रौढांना फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. २००७ साली थांबविलेल्या ‘स्टेप’ या एचआयव्ही लसीच्या चाचणीत एलिस्पॉटने बहुसंख्य लसधारकांत प्रतिसाद दाखविला; संसर्ग मात्र टळला नाही.

सामान्य वाचकाला एवढा तपशील कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पण लसीसाठी दंड पुढे करणारा तोच असतो. म्हणून मराठी विज्ञानलेखनाने ‘प्रतिसाद’ आणि ‘संरक्षण’ हे शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावेत आणि आकड्याबरोबर पद्धतीचे नाव द्यावे. पद्धत गाळून दिलेला आकडा म्हणजे शेर की किलो हे न सांगता केलेले वजन होय.