धुराची वर्दी कोण देणार?

मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीला ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे आग लागली, तेव्हा बहुतेक रहिवासी झोपेत होते. अनेकांचे प्राण गेले. आगीत सापडलेला माणूस बहुधा ज्वाळांपेक्षा धुरानेच दगावतो. धुराच्या वासाने जाग येईल, हा समज तर सर्वथा भ्रामक होय. कार्बन मोनॉक्साइडला मुळी वासच नसतो आणि तो निद्रिताला अधिकच बेशुद्धीकडे नेतो.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ जणांचा बळी गेला. त्यानंतर स्कॉटलंडने नियम कडक केले आणि १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात परस्परांशी जोडलेले धूरसूचक बंधनकारक ठरवले. एक वाजला की सारे वाजतात. स्वयंपाकघरात मात्र तेथे उष्णतासूचक बसवतात. फोडणीच्या धुराने घर रोज दणाणेल, हा आपल्याकडचा हमखास आक्षेप त्यामुळे आपोआपच निकालात निघतो. (उदबत्तीचे म्हणाल, तर धूरसूचक देवघराच्या डोक्यावर बसवू नये, एवढेच.)

निव्वळ बॅटरीवर चालणारे यंत्र स्वस्त खरे; पण बॅटरी संपत आली की ते किरकिर करू लागते, आणि वैतागलेला गृहस्थ ती काढून ठेवतो. परत बसवण्याचा मुहूर्त क्वचितच लागतो. म्हणून घरातील वीजवाहिनीशी कायम जोडलेले यंत्र अधिक विश्वासार्ह. तथापि, कित्येक आगींचा उगम सदोष वायरिंगमध्येच असतो आणि अशा वेळी वीज सर्वांआधी जाते. भारनियमनाची सवय असलेल्या गावांना तर हे सांगायलाच नको. अशा प्रसंगी आतली राखीव बॅटरी यंत्र जागे ठेवते. या दोन्ही सोयी एकत्र असण्याचे महत्त्व यातच आहे. महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे आणि दहा वर्षांनी यंत्रच बदलावे, इतकीच त्याची सेवा. छताच्या पंख्याच्या झोतात मात्र ते लावू नये. धूर तेथवर पोचण्याआधीच पांगतो.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. परंतु कायद्याचे बळ सदनिकेच्या दारापर्यंत येऊन बहुधा थबकते. पुनर्विकासाच्या करारनाम्यात फरशीचा रंग आणि नळाची जात बारकाईने लिहिली जाते. भिंतीत वायरी घालण्याचे काम तेव्हाच होणार असते; नंतर भिंती फोडण्यास कोणीही राजी होत नाही. गृहनिर्माण संस्थांनी धूरसूचकाची ओळ त्या यादीत करारावर सह्या होण्यापूर्वीच घालून घ्यावी.