गाडी चिखलात घालण्याआधी खाली वाकून बघा

फोर बाय फोर घेऊन पावसाळी सहलीला निघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

पाऊस लागला की मुळशी, मावळ, वेल्ह्याकडच्या मातीच्या वाटांवर थार, जिम्नी, गुरखा आणि जुन्या जिप्सींचे ताफे दिसायला लागतात. येत्या शनिवार-रविवारचा तुमचाही बेत ठरला असेल, तर आजच एक काम करा. गाडीखाली वाका आणि रुतल्यावर दोर नेमका कुठे अडकवणार, ते बोट लावून दाखवा. दाखवता आलं नाही, तर गाडी अजून तयार नाही. छतावर दिव्यांची लांबलचक पट्टी लावलेली असली, तरीही.

रुतणं या छंदात धरलेलंच असतं. जिवावर बेततं ते रुतलेली गाडी बाहेर काढताना. चाकं बुडालेली दोन टनांची गाडी चिखल खालून धरून ठेवतो, त्यामुळे ओढताना दोरावर भलताच ताण येतो. त्यात कायनेटिक दोर आधी ताणला जातो आणि मग साठवलेला सगळा जोर एका झटक्यात सोडतो. त्याचं कामच ते. अशा वेळी त्याचं टोक टो-बॉलला अडकवलेलं असेल आणि तो बॉल तुटला, तर ते लोखंड समोरच्या गाडीची काच फोडून आत शिरतं. ऑस्ट्रेलियात असे गोळे लागून माणसं मेली आहेत. टो-बॉल सपाट रस्त्यावर ट्रेलर ओढण्यासाठी असतो. आपल्याकडे ट्रेलर क्वचितच कुणाकडे असतो, पण बॉल मात्र हौसेनं बसवून घेतलेला असतो आणि घाईच्या वेळी हात नेमका तिकडेच जातो. कृपा करून टो-बॉलला दोर लावू नका. कुणी लावत असेल तर ओरडून थांबवा, मग तो वयानं आणि अनुभवानं कितीही मोठा असो.

ट्रकवर चढवून गाडी नेताना बांधायला दिलेल्या कड्या, बंपरमधलं छोटं झाकण काढून फिरवून बसवायची कडी, हौसेनं लावलेला बुलबार, यातलं काहीही झटक्यानं ओढण्यासाठी नाही. हवा तो थेट चासीला बोल्ट केलेला, क्षमता माहीत असलेला हूक, पुढे एक आणि मागे एक. दोर हुकाला जोडणाऱ्या शॅकलवर ती किती टनांची ते कोरलेलं असतं. १९ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या बो शॅकलवर ४.७५ टन असा आकडा दिसेल. आकडाच नसलेली, हार्डवेअरच्या दुकानातली चकचकीत शॅकल घेऊ नका. दोन पट्टे जोडायला मध्ये शॅकल कधीच घालू नका; पट्टा तुटला की तीच उडते. साखळी आणि तारेचा दोर झटका देऊन ओढायला चालत नाहीत, कारण त्यांना ताण खाता येत नाही. गावातला ट्रॅक्टर मदतीला आला तर उपकारच, पण त्याच्या साखळीनं ओढायचं तर हळूहळू, झटका न देता.

ओढताना दोरावर मधोमध भिजवलेलं गोणपाट किंवा जड सतरंजी टाका, म्हणजे तुटलेला दोर उडण्याऐवजी खाली बसेल. दोन्ही गाड्यांत फक्त चालक आणि बाहेर इशारे देणारा एकच माणूस. बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, आणि तेही बाजूला. दोराच्या रेषेत कुणीही नको. मोबाइल घेऊन जवळून व्हिडिओ काढणाऱ्यांना हे विशेष करून सांगावं लागतं.

मुळात ओढायची वेळच कमी यावी असं वाटत असेल, तर मातीवर उतरताना चाकांतली हवा कमी करा. रस्त्यावर ३२ च्या आसपास पीएसआय ठेवत असाल, तर चिखलात साधारण २० वर या. १५ च्या खाली गेलात तर टायर रिमवरून सुटायची भीती. हवा सोडणार म्हणजे परत भरायला कॉम्प्रेसर लागणार. तो ताफ्यात कुणाकडे तरी आहे असं नुसतं समजून चालू नका. स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची हवी. फोर-लो गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये टाकूनच लावा आणि कोरड्या डांबरावर आल्याबरोबर टू-हायवर या.

पाण्याचं वेगळं सांगतो. नव्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, म्हणजे दोन फुटांहून जरा जास्त. आकडा वाचून अंगात येतं. पण ओढ्याला वेग असेल तर हा आकडा तुमच्या कामाचा नाही. त्याहून कमी पाणीही गाडी सरकवून नेतं. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला, की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. पाणी गढूळ होऊन काटक्या-पाला वाहत येऊ लागला की मागे फिरा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली नसेल तर साधा विमा हा खर्च सहसा देत नाही. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडाला की ब्रीदरमधून, म्हणजे त्याच्या हवेच्या वाटेनं, पाणी आत ओढतो. सहलीनंतर त्याचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर तेव्हाच बदला.

ओढण्याचं सामान एकाच गाडीत भरू नका. ती गाडी रुतली की सामानही अडकलं. एक संच पुढच्या गाडीत, दुसरा शेवटच्या. वाट ठरवायची ती ताफ्यातल्या सगळ्यात कच्च्या गाडीकडे आणि नवख्या चालकाकडे बघून. दरीत मोबाइलला रेंज नसते आणि ११२ लागत नाही, म्हणून वाट आणि परतायची वेळ घरी कुणाला तरी लिहून द्या.

आणि जायचं कुठे? पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेक ठिकाणी बंदीचे आदेश काढतात, ते आधी बघा. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरू नका, भाताचे बांध तुडवू नका. कातळसडे ओसाड दिसतात म्हणून त्यांच्यावर गाड्या घालू नका. तिथल्या बोटभर मातीत पावसाळ्यापुरती फुलणारी झाडं असतात, आणि रत्नागिरी-राजापूरकडे कातळशिल्पं. समुद्रकिनारा तर नकोच. जून २०२४ मध्ये कच्छमध्ये मुंद्र्याजवळ रीलसाठी समुद्रात घातलेल्या दोन थार अडकल्या आणि चालकांवर गुन्हे दाखल झाले.

सामान अपुरं असेल तर सहल आठवडाभर पुढे ढकला. पावसाळा पळून जात नाही. आणि हूक-शॅकलचं विचारल्यावर ताफ्याचा म्होरक्या ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणाला, तर त्या रविवारी त्याच्याबरोबर जाऊ नका.