उशिरा आलेल्या वार्तेचा सण

आनंदाची वार्ता उशिरा पोहोचली, तर तिचा आनंद मानावा की विलंबाचे दुःख करावे? अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांनी ह्या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन ह्यांनी १ जानेवारी १८६३ रोजी जाहीरनामा काढून बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे घोषित केले. परंतु जेथे सरकारचे सैन्य पोहोचे, तेथेच त्या शब्दांना बळ येई. टेक्सास राज्य दूर एका टोकास. तेथील मळेवाल्यांना फुकटची मजुरी सोडवत नव्हती. अखेर १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर ह्यांनी गॅल्व्हस्टन बंदरात मुक्तीचा हुकूम जाहीर केला. तोवर अडीच वर्षे लोटली होती आणि त्या राज्यात सुमारे अडीच लक्ष माणसे दास्यात राबत होती. त्याच हुकुमात त्यांना असेही बजावले होते, की आहात तेथेच शांतपणे राहा आणि मजुरी घेऊन काम करा. ज्यांच्या घामावर इतरांच्या कोठ्या भरल्या, त्यांच्या पदरात ना जमिनीचा तुकडा पडला, ना मागील कष्टांचा मोबदला.

तरीही पुढील वर्षापासून त्या लोकांनी हा दिवस सण म्हणून पाळण्यास आरंभ केला. जून आणि एकोणीस ह्या अर्थाचे इंग्रजी शब्द जोडून त्यास ‘जूनटीन्थ’ हे नाव पडले. त्या दिवशी प्रार्थना होई, गीते गाइली जात, मुक्तीचा जाहीरनामा मोठ्याने वाचला जाई, वृद्ध माणसे दास्याचे दिवस सांगत आणि लहान मुले ऐकत. मग निखाऱ्यांवर भाजलेले मांस, कलिंगडे आणि लाल रंगाची सरबते ह्यांची पंगत बसे. मिसर देशातून सुटलेल्या इस्राएल लोकांच्या कथेत हे लोक दास्यातही स्वतःची कथा पाहत आले होते. तेव्हा सुटकेचा दिवस मुलाबाळांसह पाळावा, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

सण करावा, पण कोठे? सार्वजनिक जागा त्यांना सहसा मिळत नसत. म्हणून ह्यूस्टन शहरी १८७२ साली पाळक जॅक येट्स आदी पुढाऱ्यांनी वर्गणी गोळा करून दहा एकर जमीन विकत घेतली. हे पाळक स्वतः दास्यात जन्मले होते. ज्यांची काही वर्षांपूर्वी बाजारात विक्री होत असे, त्यांनी सणासाठी जमीन खरेदी केली! ते मुक्तिउद्यान आजही तेथे आहे.

पुढे काय सोसावे लागले, हे श्रीमती ओपल ली ह्यांच्या चरित्रावरून कळते. १९३९ साली, नेमक्या १९ जून रोजी, फोर्ट वर्थ शहरात गोऱ्या लोकांच्या जमावाने त्यांच्या आईवडिलांचे नवे घर उद्ध्वस्त केले. तेव्हा ओपल बारा वर्षांच्या होत्या. पुढे त्या शिक्षिका झाल्या. २०१६ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, हा दिवस राष्ट्राने पाळावा म्हणून त्या राजधानी वॉशिंग्टनच्या दिशेने पायी निघाल्या. वाटेत गावोगावी त्या अडीच मैल चालत. विलंबाच्या अडीच वर्षांचे ते स्मरण होते. १७ जून २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन ह्यांनी कायद्यावर सही केली, तेव्हा त्या तेथे उपस्थित होत्या. पुढे ज्या जागेवरील घर जमावाने मोडले होते, ती जागा एका सेवाभावी संस्थेने त्यांना अवघ्या दहा डॉलरला दिली. तेथे नवे घर उभे राहिले आणि २०२४ च्या जून महिन्यात, ९७ व्या वर्षी, त्या वृद्ध माउलीच्या हाती त्याच्या किल्ल्या आल्या.

राष्ट्रीय सुट्टी मिळण्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे हा सण साध्या कुटुंबांनी आपल्या प्रार्थनामंदिरांत आणि अंगणांत जिवंत ठेवला. त्यांनी आनंदही मानला आणि विलंबाचा अन्यायही विसरू दिला नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच पंगतीत मुलांना सांगितल्या. वाचकहो, आपल्या घरातील आजी-आजोबांनीही काही सोसले असेल, काही मिळविले असेल. ते ऐकण्यास आपण कोणता दिवस राखून ठेविला आहे?